आक्कांचं विरजण

त्या वर्षी घोगरेवाडीत दारू चढेनाशी झाली.

आधी कुणी मोठ्यानं बोललं नाही. दारू चढत नाही, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? पण संक्रांत सरल्यावर पारावर कुजबुज सुरू झाली. एकानं दुसऱ्याला हळूच विचारलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि आपण एकटे नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. हायवेवरच्या दुकानदाराला गाठून त्यांनी दम भरला, की बाटलीत पाणी घालतोस. त्यानं सील दाखवलं, देवाच्या शपथा घेतल्या. मग लोकांनी ब्रँड बदलले, पेल्यामागून पेले रिचवले, हातभट्टीचीही आणून पाहिली. काही उपयोग होईना. माणसं धडधाकट पायांनी घरी जायची आणि चिडचिड करत झोपायची. बायकांनी ग्रामदेवी मरगूबाईला नारळ फोडले.

ही २०४३ सालची गोष्ट. तोवर दारू ही आडबाजूला जाऊन आणायची वस्तू राहिली नव्हती. किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये कोकम सरबताशेजारी तिच्या रंगीत पिशव्या लटकायच्या. कॉलेजच्या पोरांत गोळ्या होत्या, पावडर होती, आणि ती कोण आणून देतं हे सगळ्यांना माहीत असून कुणालाच माहीत नव्हतं. मुलीसाठी स्थळ बघताना ‘मुलगा पितो का’ असं विचारणं बंद होऊन ‘किती पितो’ असं विचारायला लागले होते. गाड्यांना श्वासाचं कुलूप आलं होतं; नळीत फुंकर मारल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. आणि ते कुलूप काढून द्यायचं काम करणारे मेकॅनिकही गावोगाव होते.

त्यातला घोगरेवाडीचा मेकॅनिक म्हणजे संग्राम खराडे. माणूस हाताचा हुशार, स्वभावानं दिलदार. ट्रॅक्टरचं इंजिन नुसतं ऐकून तो दुखणं सांगायचा. पण त्यानं सगळ्यात आधी स्वतःच्या गाडीचं कुलूप काढलं होतं. आदल्या उन्हाळ्यात तीच गाडी त्यानं कालव्यात घातली. शेजारच्या सीटवर त्याची नऊ वर्षांची लेक ओवी होती. ती वाचली, पण तिचा डावा हात कोपरातून सरळ होईना. ऋतुजानं, म्हणजे संग्रामच्या बायकोनं, पोरीला कराडच्या वसतिगृहात ठेवलं आणि स्वतः सासूसाठी घरीच राहिली. संग्राम महिनाभर रडला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा प्यायला लागला.

पिणाऱ्याच्या घरात भीतीलासुद्धा वेळ ठरलेली असते. गाडीचा आवाज यायच्या वेळी ऋतुजाचे कान रस्त्याकडं लागायचे. आवाज आला तरी भीती, नाही आला तरी भीती.

ती जिल्ह्यातल्या एका संशोधन केंद्रात जीवाणूंवर काम करायची. तिच्याच विभागात ‘निर्मद’ तयार होत होतं. निर्मद म्हणजे दह्यातल्या जंतूंच्या कुळातलाच एक जंतू, पण त्याला दोन नवी कामं शिकवलेली. कुठलीही दारू पोटात गेली की शरीर ती दोन टप्प्यांत मोडतं. पहिल्या टप्प्यात तिचं एक जहाल विष बनतं. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, मळमळतं, त्यात या विषाचा मोठा हात असतो. दुसऱ्या टप्प्यात त्या विषाचं साधं, व्हिनेगरमध्ये असतं तसं निरुपद्रवी आम्ल होतं. निर्मद हे दोन्ही टप्पे पोटातच, झटपट उरकायचं. दारू रक्तात पोचायच्या आतच तिचा निकाल लागायचा. माणूस प्यायचा, पण मेंदूला पत्ताच लागायचा नाही. कॅप्सूल रोज घ्यायची, बंद केली की जंतू चार दिवसांत पोटातून निघून जायचा. चाचणीला स्वयंसेवक हवे होते.

“मी काय दारुडा हाय व्हय?” संग्राम म्हणाला होता. “दवाखान्यात नाव घालायला निघालीस!”

गोळी तो घेणार नव्हता. पण जेवण कसंही झालं, तरी शेवटी दहीभात लागायचा. श्रावणातल्या एका सकाळी ऋतुजानं नष्ट करायच्या खोक्यातली एक कॅप्सूल पर्समध्ये टाकली, घरी आणून कोमट दुधात फोडली आणि पातेलं झाकून ठेवलं. जंतू दह्याच्याच जातीचा, त्याला दूध म्हणजे माहेर. दही असं लागलं, की आक्का, म्हणजे तिच्या सासूबाई, पातेल्यात बोट घालून बघतच राहिल्या.

“खवा हाय गं नुसता! कुठनं आणलंस विरजण?”

“ऑफिसात एकीनं दिलं.”

आक्का त्याच दह्यातलं चमचाभर राखून रोज नवं लावायला लागल्या. ऋतुजाला दुसरी कॅप्सूल आणावीच लागली नाही.

आणि संग्रामला चढेना. त्यानं दुकानदाराला शिव्या घातल्या, मग स्वतःच्या वयाला घातल्या. एकटा बसून बाटली संपवायचा आणि बाटलीकडं बघत राहायचा. पुढं पुढं त्यालाच कंटाळा आला. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी तो उजेडीच घरी आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, “सोडली बघ. मन घट्ट केलं की जमतंय माणसाला.” आक्कांनी पदर डोळ्याला लावला. ऋतुजानं चहा टाकला. तिला इतका आनंद झाला होता, की खरं सांगायचं मनातसुद्धा आलं नाही. दिवाळीला ओवी घरी आली आणि परत वसतिगृहात गेली नाही.

पुढं व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांत संग्रामला बोलवायला लागले. तो शाळेत जायचा, साखर कारखान्यावर जायचा, माईक हातात घेऊन सांगायचा, “मला कुणी औषध दिलं न्हाई, दवाखाना दावला न्हाई. मनाचा हिय्या केला.” पोरं टाळ्या वाजवायची. ऋतुजा मागं उभी राहून ऐकायची आणि टाळ्या सुरू झाल्या की खाली बघायची.

गावात कुणालाच चढत नाही असं कानावर आलं, तेव्हा तिला काय झालंय ते कळलंच होतं. विरजण मागायला आलेल्या बाईला रिकाम्या वाटीनं परत पाठवायची रीत घोगरेवाडीत नव्हती. आणि आक्कांच्या दह्याची ख्याती तर शेजारच्या वाड्यांपर्यंत पोचली होती. ऋतुजानं स्वतःची समजूत घातली. दही आहे, विष तर नाही. कुणाचं वाईट होतंय? उलट बायका सुखानं झोपतायत. तिनं तोंड मिटून ठेवलं, आणि तिथंच ती चुकली.

*

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारच्या लगारे काकूंची हाक ऐकू आली. हाक कसली, किंकाळीच.

लगारे काका निवृत्त मुख्याध्यापक. शिस्तीचा माणूस. पिणंसुद्धा शिस्तीतलं, सणासुदीला पाहुण्यासोबत थोडीशी, त्यावर नाही. जत्रेसाठी जावई आला होता म्हणून जेवणाआधी बसले होते. आता ते ओसरीवर आडवे झाले होते. चेहरा उकडलेल्या बिटासारखा लाल, छाती भात्यासारखी वरखाली, मनगटावरची नाडी मोजणारी पट्टी कर्कश ओरडत होती. त्यांना उठवायला ऋतुजा वाकली आणि त्यांचा श्वास तिच्या तोंडावर आला. दारूचा वास नव्हता. कच्च्या, हिरव्या सफरचंदासारखा वास होता.

हा वास तिच्या ओळखीचा होता. प्रयोगशाळेत ज्या बाटलीवर लाल कवटी असते, त्या पहिल्या टप्प्यातल्या विषाच्या बाटलीचा.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मुजावरांनी काकांना आत घेतलं. बाहेर आले तेव्हा कपाळाला आठ्या होत्या.

“विषारी दारू म्हणावी, तर त्याच बाटलीतली जावयानंही घेतलीय. त्याला काही नाही. आठवडाभरात आसपासच्या वाड्यांवरनं असे आणखी आलेत. रक्तदाब धाडकन खाली येतोय.”

ऋतुजाच्या तोंडून निसटून गेलं, “जावयांनी दही खाल्लं होतं?”

डॉक्टर तिच्याकडं बघायला लागले. काकू म्हणाल्या, “दही? त्याला न्हाई चालत गं. सर्दी होतीया. ह्यांनीच खाल्लं सकाळी थालीपिठासंगं. का गं?”

“काही नाही, सहज,” असं म्हणून ऋतुजा भिंतीला टेकली. 

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, गावात हलगी वाजत असताना, ती घरच्या आणि लगाऱ्यांच्या दह्याच्या दोन बाटल्या घेऊन केंद्रात गेली. सुट्टी होती, विभागात कुणी नव्हतं. तिनं दोन्ही दह्यांत थोडं थोडं मद्यार्क मिसळलं, मोजायच्या यंत्रात नमुने घातले आणि पडद्यासमोर बसली.

पहिला टप्पा झटपट पार पडला. मद्यार्काची रेघ खाली कोसळली आणि विषाची रेघ उभीच्या उभी वर गेली. आता ती खाली यायला हवी होती. ऋतुजा थांबली. रेघ तशीच वर राहिली.

तिला कारण कळायला वेळ लागला नाही. निर्मदला शिकवलेलं पहिलं काम त्याच्या मुख्य गुणसूत्रात पक्कं शिवलेलं होतं. दुसरं काम मात्र एका सुट्या, छोट्या कड्यावर लिहिलेलं होतं. प्रयोगशाळेत जंतूंना असं खाद्य देत, की कडं सांभाळणाराच जगेल. आक्कांच्या पातेल्यात तशी काही सक्ती नव्हती. तिथं दूध होतं, ऊब होती आणि चैन होती. ते कडं म्हणजे उगाच वागवायचं ओझं. ज्या जंतूनं ते टाकलं तो हलका झाला, जोरात वाढला, आणि चमच्यातून पुढच्या पातेल्यात तोच गेला. रोजचं विरजण म्हणजे रोज नव्या पिढ्या. श्रावणापासून चैत्रापर्यंत दुसरं काम विसरलेलेच जंतू उरले होते. न पिणाऱ्यानं हे दही खाल्लं, तर ते नुसतं दही होतं. पिणाऱ्याच्या पोटात मात्र ते विष तयार करून तिथंच थांबत होतं.

खोलीत यंत्राचा बारीक आवाज येत होता. ऋतुजाच्या मनात एक भयंकर विचार येऊन गेला. कुणाला माहीत आहे? कॅप्सूल मोजलेल्या नाहीत. घरचं पातेलं खळखळत्या पाण्यानं धुवायचं, आक्कांना काहीतरी सांगायचं. लोक विषारी दारू म्हणतील आणि विसरून जातील. नोकरी राहील, तुरुंग टळेल, आणि संग्रामला कधीच कळणार नाही की त्यानं दारू सोडली नव्हती, ती त्याच्याकडून काढून घेतली होती.

मग तिला जत्रा आठवली. तिनं घरी फोन लावला.

“आक्का, पंगतीला कोशिंबीर आहे का आज?”

मागं हलगीचा कडकडाट होता. “हाय की! मटणासंगं कांद्याची कोशिंबीर न्हाई तर काय? चार घरांत दही लावलंय काल. समदं आपल्याच विरजणाचं!” आक्कांच्या आवाजात केवढा अभिमान होता. “पैली पंगत बसली बी. कवा येतीस?”

“आक्का, ते दही वाढू देऊ नका. ऐकू येतंय का? दही वाढू नका!”

“काय? अगं हितं काय बी ऐकू येत न्हाई. लवकर ये.”

फोन बंद झाला. तिनं संग्रामला लावला, तो उचलेना. मग तिनं डॉक्टर मुजावरांना लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कॅप्सूल, दही, विरजण, सगळं. 

“गाड्या पाठवतो,” ते म्हणाले. “पण एवढ्या लोकांना पुरणार नाहीत त्या. तू आधी पोच. पिऊ देऊ नकोस कुणाला.”

जत्रेला घोगरेवाडीत जेवण आधी आणि बैठक नंतर असते. जेवून उठलेले बाप्ये शाळेच्या मैदानाकडं सरकतात, तिथं झाडाखाली बाटल्या मांडलेल्या असतात. चढत नाही म्हणून यंदा लोकांनी दुप्पट मागवल्या होत्या. गाडी चालवताना ऋतुजाला सगळं गाव डोळ्यांपुढं लाल होऊन पडलेलं दिसत होतं. पण पुन्हा पुन्हा एकच चेहरा वर येत होता. आज संग्रामला मित्रांनी आग्रह केला असेल तर? जत्रा आहे, एक घे, असं कुणी म्हणालं असेल तर? तो दह्याच्या दोन वाट्या खाणारा माणूस. ती स्टिअरिंग घट्ट धरून देवीचं नाव घेत राहिली.

*

संग्राम चुलवणाजवळ होता, खांद्यावर टॉवेल, हातात रश्श्याची बादली. त्याला उभा बघून तिच्या जिवात जीव आला. तिनं त्याला मांडवामागं ओढलं.

“अहो, कोशिंबीर किती जणांनी खाल्ली?”

“समद्यांनी. दोन पंगती उठल्या. तुझा चेहरा का असा झालाय?”

तिनं सांगितलं. थांबत, अडखळत, पण काही न लपवता. श्रावणातल्या सकाळपासून लगारे काकांच्या श्वासापर्यंत. संग्राम ऐकत होता. बादली त्यानं हळूच खाली ठेवली.

“म्हणजे मी सोडली न्हवती,” तो म्हणाला.

“तसं नाही हो…”

“मग कसं?”

 पलीकडं शाळेच्या मैदानावरून हसण्याचा आवाज आला.

“पोरांम्होरं छाती काढून उभा ऱ्हायचो मी,” तो म्हणाला. “तू मागं उभी ऱ्हाऊन ऐकायचीस. तवा बोलायचं हुतंस गं.” त्याच्या आवाजात राग असता, तर तिला बरं वाटलं असतं. राग नव्हता. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि तो मैदानाकडं चालायला लागला. ती मागं पळाली.

झाडाखाली गावची कर्ती माणसं बसली होती, पेले भरले जात होते. कुस्त्यांसाठी लावलेला माईक संग्रामनं हातात घेतला.

“मंडळी, ज्यांनी पंगतीत दही खाल्लंय, त्यांनी आज थेंब बी घेऊ नका. दह्यात खोट हाय. लगारे गुरुजी त्यानंच पडल्यात. जिवाशी खेळ हाय.”

आधी कुणाला समजलंच नाही. मग हशा उठला.

“संग्रामदादा, आज तरी कीर्तन बास!”

“दारू सोडा म्हणत हुता, आता दही बी सोडा म्हणतोय!”

ऋतुजानं माईक घेतला. “मी केलंय हे. खरंच सांगते. ते जंतू मीच आणले. दारू आणि हे दही पोटात एकत्र आलं, की विष होतंय.” तिचा आवाज चिरकत होता. मांडवाच्या तोंडाशी आक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात दह्याचं रिकामं भांडं. कुणीतरी म्हणालं, “वहिनी, घरचं भांडण घरात मिटवा की!” पुन्हा हशा. दिग्विजय, संग्रामचा शाळेपासूनचा दोस्त, भरलेला पेला उंच करून म्हणाला, “वर्षभर चढंना झालीया, आता म्हणे मरतंय माणूस. चला, देवीच्या नावानं!”

पेला त्याच्या ओठाला लागायच्या आत संग्रामनं तो हिसकावून घेतला.

“मी दोन वाट्या खाल्लंय,” तो म्हणाला. “माझ्याकडं बघा मग.”

“अहो, नको!” ऋतुजा ओरडली. तिनं त्याचा दंड धरला, पण ट्रॅक्टरची चाकं उचलणारा तो दंड तिला आवरला नाही. त्यानं पेला तोंडाला लावला.

एवढ्या गडबडीतही तिला एक गोष्ट दिसली आणि ती पुढं कधीच तिच्या मनातून गेली नाही. कडू औषध घ्यावं तसा तो घटाघट प्यायला नाही. पहिला घोट त्यानं तोंडात धरून ठेवला. डोळे मिटले. मग गिळला, आणि बाकीची सावकाश संपवली.

लोक बघत राहिले. थोडा वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी शीळ घातली. मग संग्रामच्या गळ्यावर लाली आली, ती वर चढत कानापर्यंत गेली, डोळ्यांत उतरली. त्यानं सदऱ्याचं बटण तोडलं. मनगटावरची पट्टी ओरडायला लागली. तो काहीतरी बोलायला गेला, शब्द फुटला नाही, आणि तो गुडघ्यावर येऊन तोंडघशी पडला. हिरव्या सफरचंदाचा वास पुढच्या रांगेपर्यंत आला. दिग्विजयच्या तोंडचं पाणी पळालं. “संग्राम! ए संग्राम!” म्हणून तो ऊर बडवायला लागला. मागच्या रांगेत ज्यांनी आधीच एकदोन घोट घेतले होते, ते स्वतःचे गाल चाचपत होते. एकाची पट्टी वाजली, मग आणखी एकाची.

मग कुणाला सांगावं लागलं नाही. मैदानावर दारूचा चिखल झाला. डॉक्टरांच्या गाड्या आल्या तेव्हा आक्का पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि एकच घोकत होत्या, “माज्या हातानं वाढलं… माज्या हातानं वाढलं…”

*

त्या दिवशी घोगरेवाडीतली बाराजणं दवाखान्यात गेली आणि सगळी परत आली. संग्रामनं ते केलं नसतं, तर पुढचा विचार करवत नाही, असं डॉक्टर मुजावर म्हणाले. लगारे काका मात्र त्याच संध्याकाळी गेले. ऋतुजा काकूंसमोर जाऊन उभी राहिली. काकू तिच्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, “तूच दिलंस व्हय गं ते?” आणि दार लावून घेतलं.

ऋतुजानं पोलिसांना जबाब दिला. केंद्रातून तिला काढलं, खटला उभा राहणार होता. आरोग्य खात्याची माणसं घरोघर फिरून पातेली, मडकी, गाडगी उकळत्या पाण्यात घालत होती. पण विरजण कुठं गावात थांबतं? कुणाची लेक डब्यातून मुंबईला घेऊन गेली होती, कुणाच्या मावशीनं सोलापूरला नेलं होतं. कुठल्या शहरात, कुणाच्या ओट्यावर ते झाकून ठेवलं असेल, हे सांगणं कुणाच्याच हातात नव्हतं. रोज सकाळी ऋतुजा भीत भीत बातम्या लावायची.

संग्राम शुद्धीवर आला. सगळ्या गावाला देत होते तीच जंतू मारायची जालीम औषधं त्यालाही चालू होती. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या आणि समाधानानं मान हलवली. पोट स्वच्छ झालं होतं. ते जंतू कुठंच सापडत नव्हते. ऋतुजाचा जीव भांड्यात पडला. ती पलंगाजवळच्या खुर्चीत बसली, त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्यानं हात झटकला नाही.

“गाव तुमच्यामुळं वाचलं,” ती म्हणाली. “ओवी सगळ्यांना सांगत फिरतेय.”

तो खिडकीबाहेर बघत होता. खाली रस्त्यापलीकडं किराणा दुकान होतं, दारातल्या फ्रीजमध्ये रंगीत पिशव्या लटकत होत्या.

“म्हणजे आता माझ्या पोटात त्यातलं काय न्हाई?”

“नाही. सगळं निघून गेलं.”

“अजाबात न्हाई?”

“अजिबात नाही. घाबरू नका आता.”

त्यानं पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं.

“म्हणजे आता घेतली, तर चढंल.”

ऋतुजानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो विचारत होता, की त्याला भीती वाटत होती, की आणखी काही होतं, हे तिला त्या आवाजावरून कळेना. तो पुढं काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली.  नर्सनं येऊन सांगितलं, की कागद तयार आहेत, घरी जाऊ शकता. संग्राम उठून चपला शोधायला लागला. ऋतुजाला मात्र खुर्चीवरून उठवेना.